कंदीलपुष्पांना शेंग धरते का? प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते जानेवारी २०२५

११ जून २०२४

शनिवारी पुण्यात जोराचा पाऊस झाला, त्यामुळे या हंगामाच्या नोंदी आजपासून सुरू करत आहे. भोर तालुक्यातील ज्या पठारावर आमचा गट काम करतो त्याचे नाव आणि तिथल्या कंदीलपुष्पाच्या प्रजातीचे नाव या नोंदवहीत कुठेही लिहायचे नाही, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले आहे. दुर्मीळ वनस्पतींचा ठावठिकाणा छापला गेला की फोटो काढणारे येतात, त्यांच्या पाठोपाठ कंद उकरून नेणारे येतात, आणि मूठभर झाडे उरलेल्या जागी एवढी वर्दळही सोसत नाही.

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया या प्रजातिसमूहातील वनस्पती. काही भागांत त्यांना खर्चुडी म्हणतात, काही भागांत हमण. भारतात त्यांच्या पन्नासाहून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक भारताबाहेर कुठेही आढळत नाहीत, आणि या प्रदेशनिष्ठ प्रजातींचे मुख्य घर आपला सह्याद्री आहे. उन्हाळ्यात जमिनीवर काहीच दिसत नाही, कंद मातीखाली झोपलेला असतो. पावसाबरोबर कोंब वर येतो, श्रावण-भाद्रपदात फुले येतात आणि गवत वाळू लागेपर्यंत बी तयार होऊन वेल पुन्हा नाहीशी होते.

आजवर पठारावर किती झाडे आहेत आणि आम्ही लावलेल्यांपैकी किती जगली, एवढेच आम्ही मोजत आलो. या वर्षी मोजायची गोष्ट वेगळी आहे. कोणी हात न लावता, पठारावरच्या कीटकांच्या भरवशावर, किती वेलींना शेंग धरते हे पाहायचे आहे. कंद अनेक वर्षे जगतो, त्यामुळे बी न धरणारी वस्तीही बराच काळ सुखरूप दिसत राहते आणि आपण तिच्या नुसत्या हजेरीवर समाधान मानत राहतो.

२३ जून

कोंब वर आले आहेत. करवंदाच्या जाळीत शिरलेले कोंब हातभर झाले आहेत, उघड्या कातळालगतचे मात्र वीतभरच आहेत आणि त्यांतील काहींचे शेंडे शेळ्यांनी खाल्लेले आहेत. प्रत्येक वेलीजवळ दगडाखाली ॲल्युमिनियमची क्रमांकपट्टी ठेवली. झाडाला किंवा काठीला लावलेली पट्टी लांबून दिसते, म्हणून ती पद्धत आम्ही सोडून दिली.

खालच्या वाडीतले एक मामा गुरे घेऊन वर आले होते. त्यांनी पान पाहताच वेल ओळखली. "ताई, आम्ही ल्हान असताना ह्याचा कंद उकरून खायचो, कच्चाच. आता एवढ्या रानात धा-पाच दिसत्यात, मग पोरांस्नी काय दाखवायचं?" कंद खाण्याची ही पद्धत सेरोपेजिया बल्बोसासारख्या प्रजातींच्या बाबतीत देशात बऱ्याच ठिकाणी होती आणि आहे. मात्र वेल कमी होण्याचे खापर गुराख्यांवर फोडणे मला पटत नाही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कंद खाल्ले तरी वेली टिकून होत्या, याचा अर्थ तेव्हा बी पडत होते आणि रुजत होते.

९ जुलै

कोरेगाव पार्कमधील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात जुने नमुने पाहून आले. हे केंद्र १९५५ सालापासून पुण्यात आहे. भारतातील सेरोपेजियांवर एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ साली जे सविस्तर लेखन प्रसिद्ध केले, ते आजही या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला हाताशी लागते. दाबून वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर जागा, तारीख, उंची, फुलाचा रंग इतके सारे असते, पण त्या फुलावर कोणता कीटक आला होता याची ओळ क्वचितच सापडते. वनस्पती गोळा करणारा आणि कीटक गोळा करणारा हे दोघे एकाच रानात वेगवेगळ्या वाटांनी फिरत आले. ही तुटलेली दोरी जोडणे आमच्यासारख्या छोट्या गटालाही शक्य आहे, कारण त्यासाठी मोठ्या यंत्रांपेक्षा एका जागी चिकाटीने बसून राहणारी माणसे जास्त लागतात.

संध्याकाळी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी गटातील नव्या विद्यार्थ्यांचा सराव घेतला. कंदीलपुष्पावर हात शिकवणे परवडणारे नाही, म्हणून आम्ही रुईच्या फुलांवर शिकतो. मारुतीला वाहिली जाणारी रुई याच कुळातली आहे आणि दोघींच्या परागकणांची व्यवस्था एकच आहे. परागकण सुटे, धुळीसारखे नसतात. त्यांचे मेणचट पुंज बनलेले असतात. रुईच्या फुलात मधोमध जो पंचकोनी मुकुट असतो, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक काळा ठिपका दिसतो आणि त्याखाली उभी बारीक फट असते. त्या फटीतून सुईचे टोक खालून वर ओढले की काळा ठिपका सुईला चिमट्यासारखा पकडतो आणि त्याला लोंबकळणाऱ्या दोन पिवळ्या पिशव्या बाहेर येतात. त्या दोन पिशव्या म्हणजे परागपुंजांची जोडी. रुईवर येणारा मोठा काळा भुंगा हेच काम पायांनी करतो. एका विद्यार्थिनीने पहिली जोडी बाहेर काढली आणि हातभिंगाखाली ती किती तरी वेळ पाहत राहिली. रुईच्या चिकापासून डोळे सांभाळायचे, हे प्रत्येकाला दोनदा बजावले.

२६ जुलै

कालच्या पावसाने शहरात मुठेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. गटातील दोन जणांची घरे त्या भागात आहेत, त्यामुळे पठारावरचे काम थांबवले आणि सगळे तिकडे मदतीला गेले.

१४ ऑगस्ट

पहिली फुले उमलली. या फुलाची रचना मी पुन्हा सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या नोंदी तिच्यावर उभ्या आहेत.

पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना जुळून वर छोटा पिंजरा तयार होतो आणि त्या पाकळ्यांमध्ये खिडक्या राहतात. खाली लांबट नळी असते आणि नळीच्या बुडाशी फुगवटा. चिलटाएवढी माशी वासाने ओढली जाऊन खिडकीतून आत येते, गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरते आणि नळीत उतरते. नळीच्या आत केस असतात आणि त्यांची टोके खाली वळलेली असतात, त्यामुळे खाली जाणे सोपे असते, वर येणे अशक्य. बुडाच्या फुगवट्यात परागपुंज आणि कुक्षीकडे नेणाऱ्या फटी असतात. तिथे फुलाची भिंत पातळ असल्याने उजेड आत झिरपतो आणि माशी उजेडाच्या दिशेने म्हणजे नेमकी कामाच्या ठिकाणी फिरत राहते. ती मुकुटातला गोड रस शोधताना तिच्या तोंडाला परागपुंजांचा चिमटा बसतो. आधीच्या फुलातून आणलेला पुंज असेल तर तो फटीत अडकून राहतो. फुलाच्या नळीतले केस सहसा दुसऱ्या दिवशी सुकतात, ताठ उभे असलेले फूल कलंडते आणि माशीची वाट मोकळी होते. फुलाने माशीला इजा केलेली नसते. ती पुढच्या फुलापर्यंत पोहोचली तरच फुलाचा हेतू साधतो.

माशीला इतक्या खात्रीने कोणता वास ओढतो, याचे एक विलक्षण उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनी या वेलीच्या अभ्यासातून २०१६ साली पुढे आले. कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या शरीरातून पाझरणाऱ्या द्रवावर जगणाऱ्या काही बारीक माश्या असतात. जखमी मधमाशीच्या अंगातून जी रसायने बाहेर पडतात, तशीच रसायने हे फूल हवेत सोडते आणि त्या माश्या मेजवानीच्या आशेने आत शिरतात. आमच्या पठारावरील वेल नेमकी कोणती नक्कल करते हे सांगायला रासायनिक पृथक्करण लागेल. माझ्या नाकाला तरी फुलाजवळ किंचित आंबूस वास येतो, तोही सकाळीच.

१८ ऑगस्ट

वन विभागाच्या परवानगीत जेवढे बसते तेवढीच, म्हणजे अगदी मोजकी फुले सायंकाळी खुडून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली होती. आज महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती सूक्ष्मदर्शकाखाली उघडली. एका फुलाच्या बुडाशी जेमतेम २ मिलिमीटर लांबीची राखाडी माशी होती. तिच्या सोंडेच्या टोकाला परागपुंजांची पिवळसर जोडी अशी घट्ट बसलेली होती की चिमट्याने माशी उलटसुलट केली तरी ती सुटली नाही. बाकी फुलांत माश्या होत्या, पण त्यांची तोंडे रिकामी होती.

यातून एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवायची. फुलात कीटक दिसला म्हणजे तो परागीभवन करतो, असे धरून चालायचे नाही. परागपुंज अंगावर असलेला कीटकच परागवाहक म्हणून नोंदवायचा, बाकीच्यांना पाहुणे म्हणून वेगळ्या रकान्यात लिहायचे. माशीचे कुळ ठरवण्यासाठी नमुने कीटकतज्ज्ञांकडे पाठवत आहोत. तोवर नोंदीत नुसते "राखाडी माशी, पुंजासह" एवढेच राहील.

३० ऑगस्ट

गटाच्या बैठकीत एका हितचिंतकांनी पठारावर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालापासून आहे आणि मधमाशीपालनाबद्दल शहरात आस्था आहे, त्यामुळे परागीभवन म्हटले की मधमाशी हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. शेती आणि फळबागांसाठी ते योग्यच आहे. तरीही मी या सूचनेला नम्रपणे नकार दिला आणि त्याची कारणे इथे लिहून ठेवते.

मधमाशी कंदीलपुष्पाच्या नळीत मावत नाही. पठारावर याच काळात फुलणाऱ्या पांढऱ्या अमरी या ऑर्किडचा मध लांब शुंडिकेच्या, म्हणजे फुलामागच्या पोकळ नळीच्या, टोकाशी असतो आणि तिथे रात्री येणाऱ्या पतंगाची लांब सोंडच पोहोचते. मधमाशीला त्याचाही उपयोग नाही. ज्या फुलांवर मधमाशी खरोखर जाईल, त्या तेरड्यावर आणि सोनकीवर रानातल्या एकट्या राहणाऱ्या माश्याही अवलंबून आहेत. हजारोंच्या वसाहती तिथे नेऊन ठेवल्या तर त्यांच्या तोंडचा घास कमी होण्याचा धोका आहे. दुर्मीळ झाडाला त्याचा स्वतःचा वाहक हवा असतो, आणि तो बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही न येणारा जीव असतो. हितचिंतकांनी ही बाजू शांतपणे ऐकून घेतली आणि तो निधी कीटकांच्या ओळखीसाठी देऊ केला. मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

१२ सप्टेंबर

गणपतीमुळे गट विखुरलेला आहे. कोथरूडच्या गच्चीवरील रोपवाटिकेत मी आणि एक सहकारी, दोघांनीच हाताने परागीभवन केले. गच्चीवरच्या वेली २०२० साली पठारावरून आणलेल्या बियांच्या आहेत आणि प्रत्येकीची मातृवेल क्रमांकाने नोंदलेली आहे. वेगळ्या मातृवेलींच्या फुलांमध्येच देवघेव करायची, हा नियम काटेकोर पाळला. फुलाच्या बुडाला उभी चीर देऊन, कीटक टोचायच्या सर्वांत बारीक टाचणीने पुंज उचलायचा आणि दुसऱ्या फुलातल्या फटीत त्याची कड योग्य दिशेने सरकवायची. दिशा चुकली तर पुंज आत बसत नाही. माशी अंधाऱ्या नळीत जे सहज करते, त्याला आम्हा दोघांना पूर्ण सकाळ पुरली नाही. काम झालेल्या फुलांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या.

गच्चीवर फळमाश्यांची कमतरता नाही, फुलांत त्या सापडतातही. पण पिशवी न बांधलेल्या फुलांना इथे आजवर एकही शेंग आलेली नाही.

२९ सप्टेंबर

जुन्नर भागात शिंदळ माकुडी फुलली असल्याचे कळल्याने तिकडे जाऊन आले. या झाडाला पुणे जिल्ह्याच्या वनस्पतिशास्त्रात मानाचे स्थान आहे. डाल्झेल यांनी १८६५ साली जुन्नर परिसरातील नमुन्यांवरून तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. ती कंदीलपुष्पाची जवळची नातलग आहे. कड्याच्या कपारीतून मांसल फांद्या लोंबतात, पावसाळ्यात त्यांना पाने येतात आणि फांद्यांवर जांभळट तांबड्या, पिवळी नक्षी असलेल्या चांदण्यांसारखी फुले उमलतात. त्यांच्यावरही माश्याच येतात.

शिंदळ माकुडी फांदीपासून सहज वाढते. या गुणामुळे ती देशोदेशीच्या हौशी बागांत पोहोचली आणि कुंड्यांमध्ये सुरक्षित आहे असे म्हणता येते. परंतु एका झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर रोपे म्हणजे जनुकीय दृष्टीने एकच झाड असते. असा संच कपारीत नेऊन लावला आणि तो जगला, तर अहवालात शंभरचा आकडा येतो. निसर्गाच्या हिशेबात मात्र एकाचीच भर पडलेली असते, आणि परपरागीभवनासाठी लागणारा दुसरा जोडीदार तिथे नसतोच. म्हणून फांद्या घेताना त्या वेगवेगळ्या कपारींतून, प्रत्येक झाडाची एकच, अशा घ्याव्यात आणि शेजारीशेजारी वेगवेगळ्या मूळ झाडांची रोपे लावावीत, अशी सूचना तिथे काम करणाऱ्या मित्रांना केली. त्यांच्याकडे मूळ झाडांची नोंद आहे, त्यामुळे हे करणे अवघड जाणार नाही.

१४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतरच्या फेरीत शेंगा मोजल्या. पठाराच्या मधल्या उघड्या भागात सर्वांत जास्त फुले होती, तिथे एकही शेंग नाही. पूर्वेच्या कडेला, जिथे करवंदाच्या जाळ्या दाट आहेत आणि दुपारी गुरे उंबराच्या सावलीत बसतात, तिथल्या बऱ्याच वेलींना जोडशेंगा लोंबत आहेत. बोटभर लांब, सुईसारख्या निमुळत्या, जाळीतल्या काड्यांत सहज न ओळखू येणाऱ्या. एका हंगामाच्या पाहणीवरून ठाम विधान करणार नाही. तरीही त्या कडेला पडलेली उंबरे, शेण, पालापाचोळा आणि जाळ्यांमधली कोळ्यांची घरे पाहिली की बारीक माश्यांना लागणारे अन्न आणि ओलावा तिथेच आहे हे ध्यानात येते. मधला भाग नीटनेटका, कोरडा आणि वाऱ्यावर उघडा आहे.

मागच्या दोन वर्षांत आम्ही वाढवलेली रोपे याच मधल्या भागात लावली होती, कारण तिथे खड्डे करणे सोपे आणि पाहणी करणे सोयीचे. त्यांतली बहुतेक जगली आहेत. आजच्या नोंदीनंतर पुढची लागवड पूर्वेच्या कडेला, जाळ्यांच्या आतल्या बाजूला करायचे निश्चित केले.

गच्चीवरील पिशवीबंद फुलांपैकी काहींना शेंगा धरल्या आहेत.

९ नोव्हेंबर

शेंगा तडकायच्या आत त्यांच्यावर जाळीच्या पिशव्या चढवल्या होत्या, त्या आज उतरवल्या. प्रत्येक बीला टोकाशी रेशमी केसांचा झुबका असतो आणि पिशवी जरा मोकळी राहिली तरी वाऱ्यावर सारे निसटते. पठारावरच्या शेंगांपैकी थोड्याच घेतल्या. उरलेल्या तिथेच उघडू दिल्या. बी मातृवेलीच्या क्रमांकाने वेगळ्या कागदी पाकिटांत ठेवले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरोपेजियांची रोपे वाढवून ती पुन्हा निसर्गात नेण्याचे जे काम उभे केले, त्यामुळे आमच्यासारख्यांची हिंमत वाढली, ही कृतज्ञता इथे नोंदवून ठेवते.

२ डिसेंबर

पठारावर वृक्षलागवड करण्याचा एका संस्थेचा प्रस्ताव गावात आला आहे. हेतू चांगला आहे, परंतु हे पठार मुळात गवताचे आणि झुडपांचे आहे. पुण्याच्या टेकड्यांवर गिरीपुष्पाची दाट लागवड झाली तिथे खाली गवत आणि कंदवर्गीय वनस्पती किती उरल्या आहेत, हे वेताळ टेकडीवर कोणालाही चालत जाऊन पाहता येते. ग्रामसभेत आम्ही दोन मागण्या ठेवल्या: लागवड वाडीच्या बाजूच्या पडीक बांधांवर स्थानिक झाडांची व्हावी, आणि करवंदाच्या जाळ्या "साफसफाई" म्हणून तोडल्या जाऊ नयेत. मामांनी आपणहून उठून जाळ्यांची बाजू मांडली. करवंदे विकून वाडीतल्या बायकांना वैशाखात चार पैसे मिळतात, हा त्यांचा मुद्दा आमच्या साऱ्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त वजनदार ठरला.

१८ जानेवारी २०२५

गवत पिवळे पडले आहे आणि वणव्यांचा काळ जवळ येत आहे. कंद मातीखाली असल्याने आगीतून वाचतो, पण वाऱ्याने विखुरलेले बी गवताच्या बुडाशी पडून असते आणि जाळ्याही होरपळतात. पूर्वेच्या कडेभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली पट्टी, काढण्याचे काम वन विभागाने मान्य केले असून ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वाडीतल्या तरुणांकडून मजुरी देऊन होईल.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे स्थापन झालेल्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत कंदीलपुष्पाची नोंद आहे. तिच्याखाली परागवाहक म्हणून बारीक राखाडी माशीची, आणि अधिवास म्हणून करवंदाच्या जाळ्या व गुरांच्या बसण्याच्या जागेची नोंद जोडावी, असे पत्र आज समितीला दिले. कीटकतज्ज्ञांकडून कुळाचे नाव आले की ते त्याच ठिकाणी भरले जाईल. पुढच्या पावसात पूर्वेच्या कडेला लावायच्या रोपांची मातृवेलनिहाय यादी तयार असून, शेजारीशेजारी कोणत्या क्रमांकांची रोपे येतील याचा आराखडा सोबत जोडला आहे.